मेंढपाळ किती असावेत?

'मावशी, सलाम. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका चर्चच्या मंडळीत मी 3 वर्षं तरुण संघ बघते. वय 26, दिवसा पतसंस्थेत नोकरी. मे महिन्यात आम्ही 3 दिवसांचा कॅम्प घेतला. शेवटच्या रात्री 23 मुलांनी हात वर केले, रडली, प्रभूला जीवन दिलं. आता ऑगस्ट चालू आहे आणि रविवारी संध्याकाळी 6 जण येतात. आमचा ढोलकी वाजवणारा मुलगा, यंदाच बारावी झालेला, कॅम्पच्या वर्गणीतले 1800 रुपये मोबाइलवरच्या गेममध्ये हरला. कबूल त्यानेच केलं. कमिटीने त्याला वाजवायला बंदी केली, कुणीतरी ग्रुपमधूनही काढलं. 8 आठवडे तो आलेला नाही. मी मेसेज केला तर उत्तर आलं, "ताई, मी आता कशाच्याच लायकीचा नाही." ढोलकी हार्मोनियमच्या मागे तशीच पडून आहे, ती सुरात चढवायलाही त्याच्याशिवाय कुणाला येत नाही. मुलांना देवाची कृपा मिळावी म्हणून तरुण संघात मी काय करू? एखादा कार्यक्रम, एखादा अभ्यासक्रम सुचवा. – थकलेली ताई'

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस. माझी धाकटीसुद्धा तुझ्यापेक्षा मोठी आहे.

अभ्यासक्रमाचं नंतर बघू. आधी तो मुलगा. 'कशाच्याच लायकीचा नाही' असं अठरा वर्षांच्या पोराने लिहिलं की ते मेसेजवर सोडून द्यायचं नसतं. हे वाचून झालं की त्याला फोन कर, उचलला नाही तर घरी जा. आणि आडवळणाने नको, सरळ विचार, 'जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?' असं विचारलं की पोराच्या डोक्यात नसलेलं घालतो आपण, ही भीती खोटी आहे. कुणीतरी विचारलं याचंच पोरांना हायसं वाटतं. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, घरातल्या एका मोठ्या माणसाला विश्वासात घे आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर त्याच्यासमोर बसून लाव. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्रार्थनाही कर, पण फोन लावून झाल्यावर.

आता कृपेबद्दल. आपल्या मुलांना हा शब्द पहिल्यांदा कुठे भेटतो, कधी विचार केलायस? मी 31 वर्षं शाळेत शिकवलं, मला विचार. निकालाच्या दिवशी भेटतो. 'पास झाला, पण ग्रेस लागली.' ही ग्रेस लागते कुणाला? 35 ला दोन-तीन कमी पडलेल्याला. ज्याला 12 पडले त्याच्याकडे कुणी बघत नाही. तेव्हा पोरांच्या डोक्यात हिशोब पक्का बसलेला असतो: 32 पर्यंत आपण जायचं, वरचे 3 देव घालतो. कॅम्पच्या रात्री हात वर जातात ते पुष्कळदा याच हिशोबावर. आता रोज बायबल वाचीन, शिव्या देणार नाही, मोबाइल कमी करीन, म्हणजे 32 गाठीन. मग जून येतो, कॉलेज सुरू होतं, बसचे धक्के सुरू होतात आणि गाडी 28 वर अडकते. रविवारी तोंड कसं दाखवायचं? तुझी ती बाकीची 17 मुलं देवावर रुसली आहेत असं मला वाटत नाही. नापासांच्या यादीत आपलं नाव लागलंय असं धरून ती घरी बसलीयत.

प्रेषित पौलाने इफिसच्या मंडळीला कळवलं ते याच्या अगदी उलट होतं. तारण कृपेने, आपल्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. म्हणजे कोरा पेपर देऊन आलेल्यासाठीसुद्धा. हे मुलांना पाठ असतं, सुवर्णवचनाच्या स्पर्धेत फडाफड म्हणून दाखवतात. बक्षीसही घेतात. पाठ म्हणण्याबद्दल बक्षीस आणि वचन असं की बक्षीस कमवावं लागत नाही! गंमत माझ्याही फार उशिरा लक्षात आली.

त्या मुलाचा शब्द मात्र मला रात्रभर टोचत राहिला. लायकी. आपल्या नगरकडच्या मंडळ्यांत हा शब्द जपून वापरायला हवा. आपले बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा महारवाड्यातून, मांगवाड्यातून मिशनच्या शाळेत आले, मंडळीत आले. त्यांना पाणी वरून ओतून दिलं जायचं, ओंजळीला भांडं लागू नये म्हणून. लायकी काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. अशी माणसं प्रभुभोजनाला एका भाकरीच्या तुकड्यांवर बसली, तेव्हा कृपा म्हणजे काय याचं प्रवचन त्यांना लागलं असेल का? हातात तुकडा आला, कळलं. आणि आज त्यांचीच पतवंडं बारावीच्या पोराला त्याची लायकी दाखवतात, तीही चर्चच्या कमिटीत बसून. तुझ्या कमिटीला मी शिव्या देत नाहीये. मी स्वतः कमिटीत 9 वर्षं होते आणि त्यांच्यापेक्षा कडक होते.

उधळ्या पुत्राची गोष्ट पुन्हा एकदा वाच, पण एका खोचीसाठी वाच. बापाचा पैसा उडवून परत निघालेला पोरगा वाटेत भाषण तयार करून येतो: तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. बापासमोर तो बोलायला लागतो, 'योग्य नाही' इथपर्यंत येतो आणि मोलकऱ्याचं वाक्य राहूनच जातं. बाप चाकरांना झगा आणायला सांगत असतो. पोरगा योग्य आहे की नाही, यावर बाप एक अक्षर बोलत नाही. 'नाही रे, तू फार चांगला आहेस' असंही म्हणत नाही, हे बघ. तूही त्या मुलाला तसं म्हणू नकोस. त्याला ठाऊक आहे त्याने काय केलं ते. खोटी समजूत पोरांना लगेच कळते.

आता माझं एक सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट, मी संडे स्कूलची मुख्य होते तेव्हाची. नाताळचं नाटक बसवत होतो. एक मुलगा मेंढपाळ होता, सातवी-आठवीतला. लागोपाठ 3 तालमींना आला नाही. मी नियम केला होता, 3 तालमी चुकल्या की नाव कमी. कमी केलं, दुसरा घेतला. त्याला कळवायचं राहून गेलं, किंवा खरं सांगायचं तर मी कुणावर तरी ढकललं आणि त्याने आणखी कुणावर. नाताळच्या संध्याकाळी पोरं नटूनथटून पुढे उभी, आणि हा दारातून आत आला. बगलेत घोंगडी. खरी, काळी, आजोबांची असणार, घडी घालून वर सुतळी बांधलेली. पुढे बघितलं, मेंढपाळ उभे होते, तिघेच्या तिघे. तो शेवटच्या बाकावर जाऊन बसला आणि घोंगडी त्याने बाकाखाली सरकवली.

मी बघितलं. उठले नाही. नाटक सुरू व्हायला 2 मिनिटं होती.

नंतर कळलं की आईबाप उसाच्या तोडीला गेले होते आणि घरी धाकटी बहीण तापाने पडली होती. पण हे कळलं नसतं तरी काय? मेंढपाळ किती होते हे लूकने लिहिलेलं नाही. चौथा उभा राहिला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? तो मुलगा मंडळीत परत आला नाही असं नाही. आला, लग्नही त्याचं आपल्याच चर्चमध्ये झालं. पण पुढे उभा राहा म्हटलं की नाही म्हणायचा. अजूनही मागच्या बाकावरच बसतो. त्या घोंगडीबद्दल मी त्याच्याशी बोलले, पण त्याला चाळिशी लागल्यावर. तो म्हणाला, 'बाई, मला आठवतसुद्धा नाही.' मला नाही वाटत ते खरं असेल.

तेव्हा मुलांपर्यंत कृपा 'पोहोचवायचा' कार्यक्रम माझ्याकडे नाही. ती आपल्या हातातली वस्तूच नाही. आपल्याकडून एवढंच होतं की आपण दारात टेबल टाकून नावं तपासत बसायचं नाही. तुझ्या तरुण संघात अशी टेबलं किती आहेत ते एकदा मोज. हजेरीपट, 'ग्रुपचे नियम', कोण वेळेवर येतं, कोणाला स्टेजवर घ्यायचं, कोणाचे आईबाप कमिटीत आहेत.

कमिटी विचारेल, म्हणजे चोरी केली तरी चालतं का? नाही चालत. कृपा म्हणजे 'असू दे, चालतंय' नव्हे, आणि बावळटपणा तर अजिबात नव्हे. वर्गणीची पेटी त्याच्या हातात देऊ नका, निदान दोन वर्षं. तो त्याच्यावरही उपकार आहे, ज्याला गेमची सवय लागलीय त्याच्यासमोर रोकड ठेवणं क्रूरपणा आहे. 1800 रुपये त्याने परत करायचेच. एकदम जमणार नाहीत, महिन्याला 200 दिले तरी 9 महिन्यांत फिटतात. पण ढोलकीचा आणि पेटीचा संबंध काय? गुन्हा पेटीचा, शिक्षा ढोलकीला! ज्या एका गोष्टीने तो आपल्यात धरून होता तीच काढून घेतली, आणि आता येत नाही म्हणून नाराज. जक्कय जकातदाराचं बघ. त्यानेही लुबाडलेलं परत केलं, चौपट करीन म्हणाला. पण हे केव्हा? प्रभू उंबराखाली थांबून 'आज तुझ्या घरी उतरणार' म्हणाला, त्यानंतर. आपण आधी चौपट मागतो आणि मग घरी जायचं की नाही ते मीटिंगमध्ये ठरवतो.

पाळकसाहेबांकडे गेलीस तर प्रभूच्या शिष्याची, पेत्राची गोष्ट काढ, त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत असेल. योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाचा विस्तव दोनदा येतो. एकदा महायाजकाच्या अंगणात, थंडीची रात्र आहे, पेत्र शेकत उभा आहे आणि 'मी त्याच्या शिष्यांपैकी नाही' म्हणतो. दुसऱ्यांदा सरोवराच्या काठी, सकाळी, त्या विस्तवावर मासळी भाजलेली आहे. रात्रभर जाळं टाकून दमलेल्या माणसांना प्रभू म्हणतो, या, न्याहारी करा. पेत्राला तो वास आला असेल तेव्हा पोटात काय झालं असेल, कल्पना कर. चूक कुणी झाकली नाही. प्रश्न आले, 3 वेळा नाकारलं होतं म्हणून 3 वेळा आले, आणि तिसऱ्यांदा पेत्राला वाईटही वाटलं. पण पोटात घास गेल्यावर. आणि प्रत्येक उत्तराला त्याच्या गळ्यात काम पडलं: माझी मेंढरं चार. शिस्त आहे की नाही? आहे. क्रम बघायचा.

कॅम्पबद्दल तू फार हिरमुसली आहेस म्हणून लिहिते. शेवटची रात्र, दिवे मंद, कीबोर्डवर एकच सूर धरलेला, पुढून आवाज येतो, 'ज्यांनी ज्यांनी आज…' मी अशा कितीतरी रात्री बघितल्या. मुलांचं रडणं खोटं नसतं. पण तो आकडा अहवालात घालायची सवय मोड. 23 हा हातांचा आकडा आहे, बाकी त्यातून काही कळत नाही. पंडिता रमाबाईंचं बघ. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, सोबत लहानगी मनोरमा. पुढे अमेरिका झाली, 1889 ला मुंबईत शारदा सदन निघालं. आणि त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत मागे वळून सांगितलं की बाप्तिस्म्यानंतर 8 वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. 8 वर्षं! संस्कृत कोळून प्यालेली, अवघा देश पायाखाली घातलेली बाई. तुझ्या पोरांना तू मेपासून ऑगस्टपर्यंतची मुदत दिलीस.

आणि रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, केडगावला गेलीस कधी तर हेही मनात ठेव. दुष्काळात रमाबाईंनी मुली गोळा करून आणल्या, हाडांचे सापळे झालेल्या. आधी अन्न, अंगभर कपडा, निजायला जागा. मग अक्षर, विणकाम, छापखान्यातलं काम. 1905 सालचं ते मुक्तीमधलं संजीवन, म्हणजे प्रार्थनेतली मोठी जागृती, ज्याबद्दल आपण प्रवचनांतून ऐकतो, ते त्यानंतरचं. त्या मुलींना आधी कुणीतरी जेवायला वाढलं होतं, काहींना तर वर्षानुवर्षं. त्या प्रार्थनेला बसल्या तेव्हा 'कृपा' हा शब्द त्यांना हवेतला वाटला नसेल.

रविवारच्या सभेचं म्हणशील तर कमी कर. तुझ्या पत्राला जोडलेला तो तक्ता पाहिला: क्विझ, ॲक्शन साँग, स्किट, वचन स्पर्धा, ग्रुप डिस्कशन, घोषणा. दीड तासात. पोरांना तोंड उघडायला जागा कुठे आहे? एक उतारा घे, हळू वाचा, दोनदा. मग पोहे करा, कांदा पोरांकडूनच चिरून घे. जे बोलायचं ते कांदा चिरताना बोलतात, गोलात बसवून 'शेअर करा' म्हटलं की गप्प बसतात. गाण्यांत निम्मी तरी आपली ठेव. हिंदी-इंग्रजी स्तुतिगीतांशी माझं वैर नाही, नातवंडांबरोबर मीही टाळ्या वाजवते. पण कृपा हा शब्द मिशनऱ्यांनी जहाजातून आणलेला नाही, ओव्या-अभंगांतून तो या मातीत आधीच मुरलेला होता. आपले ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर म्हणायचेच की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो. त्यांची भजनं ढोलकीवर काय चढतात!

साक्षींचं एक जपून सांगते. आपल्याकडे साक्ष म्हणजे शेवट गोड झालेली गोष्ट. 'मी दारू प्यायचो, प्रभूने सोडवलं, हालेलुया.' ज्याची अजून सुटलेली नाही तो ऐकतो आणि आणखी मागे सरकतो. एखाद्या मोठ्या माणसाला बोलाव जो म्हणेल, माझा राग अजून गेलेला नाही, मी अजून झगडतोय आणि तरी प्रभुभोजनाला येतो. असं बोलणारा माणूस तुमच्या मंडळीत आहे, शोध. मुलांकडून मात्र सगळ्यांसमोर कबुल्या घेऊ नकोस, कधीच नको. सोमवारी त्या कॉलेजच्या कट्ट्यावर पोहोचलेल्या असतात. कुणी एकटीने येऊन सांगितलं तर ऐक, पण 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन आधी देऊन बसू नकोस. अठराच्या आतल्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, करणारा मंडळीतला कितीही मोठा माणूस असो. लहान मुलांसाठी 1098 नंबर आहे, चर्चच्या सूचनाफलकावर लावून टाक. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

मुलांना काम दे, 'तयार' होण्याची वाट न बघता. पाळकसाहेब अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे प्रभुभोजन घेऊन जातात ना, दर वेळी एकेका पोराला सोबत पाठव, पेला धरायला. आजीचा हात थरथरतो, द्राक्षारस सांडतो, पोरगा आपल्या रुमालाने पुसतो. तिथे त्याला काय मिळतं हे त्याला सांगता येणार नाही, तूही विचारू नकोस. कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव पोरांना पुकारू दे. कोंबडी निसटेल, निसटू दे.

आणि तू? सही 'थकलेली ताई' केलीस. शेवटचं कधी बाकावर नुसती बसलीस, हातात माइक, यादी, किल्ल्या काही नसताना? पतसंस्थेतून सुटून थेट सराव, रविवारी सगळ्यांच्या आधी कुलूप उघडायला हजर. तुझ्या मनातही 35 चाच हिशोब चालू असणार, 6 मुलं म्हणजे आपण नापास. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांना सांगून सुट्टी घे. दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जा, जिथे तुला कुणी ओळखत नाही, मागे बस, हात पुढे कर, भाकर घे, घरी ये. त्या 6 जणांना एक आठवडा स्वतःचं स्वतः बघू दे.

पण त्याआधी त्या मुलाकडे. तो ठीक आहे, बोलतोय, एवढं फोनवर कळलं की दुसऱ्या खेपेला निवांत जा. रिकाम्या हाताने नको आणि बायबल पुढे करूनही नको. ढोलकी घेऊन जा. 8 आठवडे तिला कुणी हात लावलेला नाही, त्यात हे पावसाचे दिवस. चांगलीच उतरली असेल. त्याच्यापुढे ठेव आणि म्हण, चढवून दे. पैशांचं चहा झाल्यावर काढ.

– तुझी मावशी